अंदाजपंचे आणि जाणकारी

'अंदाजपंचे दाहोदरसे' हा शब्दप्रयोग आपण मराठीत बहुधा दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. शेजाऱ्याचे मत अंदाजपंचे असते, आपले मात्र अनुभवातून आलेले. साहित्याच्या व्यवहारात तर हा भेद फारच सोयीचा आहे. एखादी ओवी ऐकताच ती कोणाची हे सांगणारा जाणकार ठरतो. तो किती वेळा चुकला याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. बरोबर आलेली उत्तरे आठवणीत राहतात आणि चुकलेली संभाषणात विरून जातात. मग जाणणारा आणि अंदाज बांधणारा यांच्यात फरक कसा करायचा? या प्रश्नाला संख्याशास्त्राने दिलेल्या उत्तराचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत. विषय गणिताचा वाटला तरी तो आपल्या अंगणातलाच आहे, हे शेवटी लक्षात यावे.

उत्तराचे सूत्र साधे आहे. समोरच्याला काहीही कळत नाही, तो केवळ नाणे उडवून बोलतो आहे, असे आधी धरून चालायचे. याला संख्याशास्त्रात शून्य परिकल्पना म्हणतात. मग विचारायचे, की नुसत्या नाणेफेकीने इतकी बरोबर उत्तरे येण्याची संभाव्यता किती? ती पुष्कळ असेल, तर जाणकारीचा दावा सिद्ध झाला नाही. ती अगदीच थोडी असेल, तर 'योगायोग' हे स्पष्टीकरण सोडून द्यायचे. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की या रीतीत प्रथम माणसाची परीक्षा होत नाही, योगायोगाची होते.

या रीतीचा एक जुना नमुना १७१० सालचा आहे. जॉन आर्बथनॉट हा इंग्लंडच्या राणीचा वैद्य, आणि जोनाथन स्विफ्ट व अलेक्झांडर पोप यांच्या वर्तुळातला उपहासकारही. लंडनमधील बाप्तिस्म्यांच्या नोंदी पाहताना त्याला दिसले, की सलग ८२ वर्षे दरवर्षी मुलींपेक्षा मुलगे अधिक नोंदले गेले आहेत. मुलगा की मुलगी हा निव्वळ छापा-काटा असता, तर ८२ वेळा ओळीने छापाच पडल्यासारखे हे झाले. याची संभाव्यता इतकी सूक्ष्म, की योगायोग मोडीत काढणे भागच होते. इथवर आर्बथनॉटचा हिशेब चोख होता. पण पुढे त्याने निष्कर्ष काढला तो ईश्वरी योजनेचा. योगायोगाची खुर्ची रिकामी झाली आणि तिच्यावर त्याने आपल्या पसंतीचे कारण बसवले. योगायोग नाही म्हणजे अमुकच कारण आहे, असे हे परीक्षण कधीच सांगत नाही. ही चूक तीनशे वर्षांनंतरही जुनी झालेली नाही.

त्यानंतरचा टप्पा आम्हांला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात अंदाज बांधणाऱ्याच्या पदरात अनपेक्षित न्याय पडला. १८८३-८४ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स आणि त्याचा विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी एक प्रयोग केला. चिन्हमीमांसेच्या अभ्यासकांना हे पहिले नाव परिचित असेल. एकमेकांहून किंचितच वेगळे असे दोन दाब बोटावर द्यायचे आणि जास्त कोणता ते विचारायचे. क्रम कोणता ठेवायचा हे पिसलेल्या पत्त्यांवरून ठरवायचे, म्हणजे प्रयोगकर्त्याची लकब उत्तराला मदत करणार नाही. आणखी एक अट अशी, की प्रत्येक उत्तरासोबत आपल्या खात्रीला शून्य ते तीन असा गुण द्यायचा. शून्य म्हणजे 'मला काहीच फरक जाणवत नाही, मी आपले काहीतरी सांगतो आहे'.

काही मर्यादेखालचा फरक मनाला जाणवतच नाही, असे त्या काळचे मानसशास्त्र मानीत होते. तसे असते तर शून्य खात्रीची उत्तरे निम्मी बरोबर आणि निम्मी चूक यायला हवी होती. प्रत्यक्षात अशा उत्तरांपैकी दर पाचांत सुमारे तीन बरोबर निघाली. ज्याला सांगणारा स्वतः अंदाजपंचे म्हणत होता, त्यात ज्ञान दडलेले होते. खात्री नव्हती, पण जाण होती.

रीतीला तिचे प्रसिद्ध रूप मिळाले ते चहाच्या पेल्यात. लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेड येथे एक जुने शेती संशोधन केंद्र आहे. १९२० च्या दशकात तेथे रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ काम करीत होता. शैवालांच्या अभ्यासक म्युरिएल ब्रिस्टल या त्याच्या सहकारी. पेल्यात आधी दूध घातले की आधी चहा, हे आपण चवीवरून ओळखू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. फिशरने १९३५ साली प्रयोगांच्या आखणीवर जे पुस्तक लिहिले, त्यात हा प्रसंग कोणाचेही नाव न घेता येतो. आठ पेले घ्यायचे, चार एका रीतीचे आणि चार दुसऱ्या रीतीचे. ते यादृच्छिक क्रमाने पुढे ठेवायचे आणि बाईंनी आधी दूध घातलेले चार पेले वेगळे काढायचे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत व त्यांपैकी एकच पूर्ण बरोबर. म्हणजे काहीही न कळता चारही अचूक निवडण्याची संभाव्यता ७० त १, साधारण दीड टक्का.

आणि चारांपैकी तीन बरोबर आले तर? आपल्या वर्गात तीन चतुर्थांश गुणांना आपण प्रथम श्रेणी देतो. पण तीन बरोबर आणि एक चूक अशी निवड १६ प्रकारे होऊ शकते. तीन किंवा अधिक बरोबर येण्याची संभाव्यता ७० त १७, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. इतके यश नाणेही मिळवते. तेव्हा तीन बरोबर आले तरी दावा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. परीक्षा लहान असली की निर्दोष उत्तराखेरीज काहीच पुरत नाही, हा यातला धडा. बाईंनी आठही पेले ओळखले, अशी आठवण पुढे एका सहकाऱ्याच्या हवाल्याने सांगितली गेली. फिशरने मात्र निकाल लिहिलाच नाही. त्याला महत्त्व होते ते एकाच गोष्टीचे. कोणता निकाल आला तर आपण काय मानू, हे पेला ओठांना लावण्याआधी ठरले पाहिजे.

हीच रीत पुण्यात वापरली गेली तेव्हा पणाला लागले होते ते चहाहून बरेच काही. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमध्ये ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले होते. त्यावरून देशभर वाद झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००४ साली न्यायालयाने त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ज्योतिष हे शास्त्र आहे की नाही यावर वृत्तपत्रांतून लेखांचा ढीग पडला. तथापि, लेखाला लेखाने उत्तर देण्यापलीकडे एक मार्ग होता आणि तो म्हणजे मोजून पाहणे.

२००८ साली चार माणसांनी तो मार्ग घेतला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातील सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे. कुंडलीवरून जातकाची बुद्धिमत्ता कळते, हा ज्योतिषांचा नेहमीचा दावा. त्यांनी तोच परीक्षेला घेतला. समितीच्या कार्यकर्त्यांनी दोन गटांतल्या मुलांच्या जन्मवेळा आणि जन्मस्थळे गोळा केली. शंभर मुले अभ्यासात हुशार म्हणून ठरलेली आणि शंभर मुले बौद्धिक अक्षमता असलेली, त्या काळच्या भाषेत मतिमंद. घाटपांडे यांनी संगणकावर २०० कुंडल्या केल्या. कोणती कुंडली कोणत्या मुलाची हे गुपित ठेवले गेले. मे महिन्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आवाहन करण्यात आले. प्रत्येकाला यादृच्छिकपणे निवडलेल्या ४० कुंडल्या पाठवल्या जातील, त्यांनी एवढेच सांगायचे की ही हुशार मुलाची की दुसऱ्या गटातल्या मुलाची.

आता हिशेब पाहू. ४० वेळा नाणे उडवले तर सरासरीने २० उत्तरे बरोबर येतील. पण नाणे काही दर खेपेस २० वर थांबणार नाही, ते थोडे मागेपुढे होणारच. हे मागेपुढे होणे मोजण्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. येथे ते ४० च्या चौथ्या हिश्शाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३.१६ येते. त्यामुळे दर चार खेपांपैकी साधारण तीन खेपांना नाण्याचे गुण १७ ते २३ च्या दरम्यान पडतील. २८ किंवा त्याहून अधिक गुण मात्र शंभरात एकदाही पुरते पडणार नाहीत. त्याची संभाव्यता ०.८३ टक्के आहे. म्हणून यशाची रेषा २८ वर आखली गेली. सत्तर टक्के बरोबर उत्तरे, म्हणजे एखाद्या शास्त्राकडून फार मोठी अपेक्षा नव्हे. शंभर टक्के अचूकता कोणीही मागितली नव्हती.

५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या आणि २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत अधिक गुण मिळाले ते २४, एकाला. त्याच्या खालोखाल दोघांना २२. २८ ची रेषा कोणीच गाठली नाही आणि सगळ्यांची सरासरी २० च्याही खाली राहिली. एका ज्योतिष संस्थेने २०० च्या २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाण्याकडून अपेक्षा १०० ची होती, आणि यशाची तीच एक टक्क्याची कसोटी लावली असती तर ११७ च्या आसपास गुण हवे होते. हा सारा वृत्तांत नारळीकरांनी मार्च २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

येथे एका मोहापासून सावध राहायला हवे. २४ गुण मिळवणाऱ्याविषयी कोणी म्हणेल, की बाकीचे असोत, निदान हा एक तरी जाणकार असावा. पण २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती, तर त्यांतल्या तिघा-चौघांना २४ किंवा अधिक गुण मिळणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ते एकालाच मिळाले. याच हिशेबाची दुसरी बाजू प्रयोगकर्त्यांनाही बांधणारी आहे. २७ जणांपैकी निदान एकाने केवळ दैवयोगाने २८ ची रेषा ओलांडण्याची संभाव्यता सुमारे २० टक्के होती. म्हणजे कोणी ती ओलांडली असती, तरी त्यावरून ज्योतिष सिद्ध झाले असे म्हणता आले नसते. त्या व्यक्तीची नव्या कुंडल्यांवर पुन्हा परीक्षा घ्यावी लागली असती. फिशरचेही म्हणणे हेच होते, की एका खेपेचे यश पुरेसे नाही. पुन्हा पुन्हा क्वचितच चुकेल असा प्रयोग मांडता आला, तर ती गोष्ट प्रयोगसिद्ध मानावी.

या प्रयोगाने ज्योतिष समूळ खोटे ठरले काय? काटेकोरपणे बोलायचे तर नाही. कुंडलीवरून बुद्धीचा गट ओळखण्याचा एक विशिष्ट दावा, या ज्योतिषांनी, या कुंडल्यांवर सिद्ध केला नाही, एवढेच ठरले. जन्मवेळेच्या नोंदी अचूक असतात काय, हा आक्षेपही घेता येतो. मात्र तो घेणाऱ्याने पुढचे पाऊल टाकायला हवे. रोजच्या व्यवहारातल्या कुंडल्याही अशाच नोंदींवरून केल्या जातात, तेव्हा आक्षेप खरा असला तर तो आधी त्या व्यवहाराला लागू होतो. आम्हांला या प्रयोगात मोठी वाटते ती त्याची सभ्यता. प्रतिपक्षाला मूर्ख न म्हणता त्याला त्याच्याच दाव्यावर, आधी जाहीर केलेल्या अटींवर बोलावले गेले, आणि तो जिंकला असता तर ते मान्य करण्याची तयारी ठेवली गेली. या चौघांपैकी दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. मतभेद मोजून मिटवता येतात यावर विश्वास असणाऱ्याचा शेवट गोळ्यांनी व्हावा, हे या इतिहासातले शल्य आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. ज्योतिषांना परीक्षेला बोलावणे आपल्याला आवडते, कारण त्यात आपण परीक्षकाच्या बाजूला असतो. २०२४ साली पाळी वाचकांची आली. ब्रायन पोर्टर आणि एदुआर्द मशेरी या संशोधकांनी १,६३४ वाचकांना प्रत्येकी दहा इंग्रजी कविता दिल्या. पाच शेक्सपिअर, एमिली डिकिन्सन, टी. एस. एलियट यांच्यासारख्या कवींपैकी एकाच्या, आणि पाच त्याच कवीच्या शैलीत चॅटजीपीटीने रचलेल्या. कोणती माणसाची आणि कोणती यंत्राची, एवढेच ओळखायचे. एकूण १६,३४० उत्तरांपैकी ४६.६ टक्के बरोबर आली.

हा आकडा पुण्यातल्या आकड्यांसारखाच दिसतो. पण दोन्हींचा अर्थ अगदी वेगळा आहे, आणि परीक्षणाचे खरे मोल तो अर्थ वेगळा करण्यात आहे. ४० उत्तरांत ४६.६ टक्के म्हणजे १८-१९ बरोबर. नाण्याच्या दृष्टीने ही अगदी किरकोळ घट. पण १६,३४० उत्तरांत प्रमाण विचलन अर्ध्या टक्क्याहूनही लहान होते. नाणे असते तर ८,१७० च्या आसपास बरोबर उत्तरे आली असती. वाचकांची त्याहून सुमारे साडेपाचशे कमी आली. ही तफावत प्रमाण विचलनाच्या आठपटीहून अधिक भरते. म्हणजे वाचक अंदाजपंचे बोलत नव्हते. त्यांच्याकडे निकष होता, आणि तो उलटा होता. यंत्राच्या सोप्या, थेट कविता त्यांना माणसाच्या वाटल्या. माणसाच्या कवितेतली दुर्बोधता त्यांना यंत्राचा गोंधळ वाटली. काहीच न जाणणारा माणूस निम्म्या वेळा तरी बरोबर येतो. सातत्याने निम्म्याच्या खाली जायला चुकीचे का होईना, पण काहीतरी 'माहीत' असावे लागते. हे वाचक बहुतांशी सामान्य वाचक होते, तज्ज्ञ नव्हते, हे खरे. पण म्हणून तज्ज्ञ आपोआप उत्तीर्ण होत नाहीत. त्यांची परीक्षा व्हायची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिन्ही प्रयोग शेजारी ठेवून पाहिले, की या इतिहासाचे सार हाती येते. बाल्टिमोरमध्ये आपण अंदाज बांधतो आहोत असे वाटणाऱ्यांना प्रत्यक्षात कळत होते. पुण्यात कळते असे मानणाऱ्यांची उत्तरे अंदाजाहून वेगळी निघाली नाहीत. आणि कवितांच्या बाबतीत कळते असे वाटणारे नाण्याच्याही मागे पडले. खात्री आणि जाण या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आतून त्या सारख्याच भासतात, म्हणून बाहेरच्या मोजणीची साक्ष काढावी लागते.

मराठी साहित्याच्या अभ्यासात कर्तृत्वाचे वाद नवे नाहीत. ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता एकच की दोन, हा प्रश्न शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा केला. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा यांचे किती अभंग मिसळले, हाही जुना प्रश्न आहे. अशा वादांत 'शैलीवरून स्पष्टच दिसते' हे वाक्य अटळपणे येते. या प्रश्नांची खरी उत्तरपत्रिका कोणाजवळच नाही, म्हणून त्यांवर हे परीक्षण थेट लावता येणार नाही. पण शैलीवरून दिसते, हा दावा करणाऱ्या दृष्टीची परीक्षा मात्र जेथे उत्तर माहीत आहे तेथे घेता येईल.

त्यासाठी फारसे काही लागत नाही. तुकारामांचे आणि त्यांच्याच परंपरेत लिहिणाऱ्या पिंपळनेरच्या निळोबारायांचे फारसे परिचित नसलेले अभंग घ्यावेत आणि नाममुद्रेचा चरण काढून टाकावा. प्रत्येक अभंगासाठी नाणे उडवून कोणाचा घ्यायचा ते ठरवावे, असे ४० अभंग निवडावेत आणि उत्तरे एका सहकाऱ्याकडे बंद पाकिटात ठेवावीत. विभागातल्या प्रत्येक अध्यापकाने आणि विद्यार्थ्याने एकमेकांशी न बोलता उत्तरे लिहावीत. प्रत्येकाने उत्तरासमोर आपल्या खात्रीचा गुणही लिहावा, पर्सच्या प्रयोगात लिहिला होता तसा. आणि पाकीट उघडण्यापूर्वी २८ हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

आमच्यापैकी कितीजण ती रेषा ओलांडतील, हे आम्ही आत्ता सांगू शकत नाही. न ओलांडणाऱ्याची रसिकता खोटी ठरेल असेही नाही, कारण अभंग आवडण्याला कर्ता ओळखता यावा लागत नाही. फार तर पुढच्या शोधनिबंधात 'शैलीवरून स्पष्टच दिसते' हे वाक्य लिहिताना हात किंचित अडखळेल. आणि कोण जाणे, मागच्या बाकावरच्या ज्या विद्यार्थिनीने चाळीसही उत्तरांसमोर खात्रीचा शून्य लिहिला, तिचीच ३१ उत्तरे बरोबर निघतील. तसे झालेच तर तिला नव्या ४० अभंगांचे पाकीट द्यावे, आणि तेही बरोबर आले तर आपण तिच्याकडून शिकायला बसावे.